डीडीरेस्क्यू आणि पार-टू : आठ महिने वापरल्यावर

नागपूरच्या महाल भागात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. गेल्या मे महिन्यात एका लग्नाचा ३८ जीबीचा झिप बॅकअप उघडायला गेलो, तर हार्ड डिस्क वाचता वाचता अडकायला लागली. कॅमेऱ्याची कार्डं तोवर पुसून दुसऱ्या कामाला लागली होती. नवरीच्या आई स्टुडिओत येऊन बसल्या. "मिळतील न रे भाऊ फोटो?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

तेव्हा जीएनयू डीडीरेस्क्यू हाती आलं, म्हणजे बिघडत्या डिस्कवरचा डेटा दुसरीकडे उतरवून घेणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून चालवलं. बिघडत्या डिस्कवर थेट रिपेअर चालवू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, अडलेल्या जागांकडे मागाहून वळतं. कुठवर आलो याची नोंद मॅपफाइलमध्ये राहते. भर दुपारी लाइन गेली, यूपीएसही संपला. संध्याकाळी काम तिथूनच पुढे सुरू झालं. टेबल फॅन डिस्ककडे वळवून तीन रात्री काढल्या.

तरी झिप उघडेना. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते आणि नेमका तोच तुकडा गेला होता. पण प्रत्येक फोटोच्या आधी त्याचा स्वतःचा हेडरही असतो, म्हणजे त्या फोटोची छोटी नोंद. झिप कमांडचा डबल एफ (-FF) पर्याय ते हेडर शोधत नवी फाइल बांधतो. २,१४० पैकी १७ फोटो सीआरसी तपासणीत (फाइल जशीच्या तशी आहे का, हे आकड्यावरून पाहणं) नापास झाले. एकात मुंडावळ्या आणि नवरीचे डोळे स्वच्छ, हनुवटीखाली सगळं राखाडी. काकूंनी तोही मागून नेला.

तेव्हापासून प्रत्येक बॅकअपला १० टक्के पार-टू फाइल्स जोडतो. या जादा फाइल्सवरून बॅकअपचा बिघडलेला भाग पुन्हा बांधता येतो. दिवाळीनंतर एका कॉपीत मुद्दाम ५०० एमबी शून्यं भरून पाहिली. दुरुस्तीनंतर चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) मूळ फाइलशी तंतोतंत जुळला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर या फाइल्स बनायला फार वेळ लागतो, म्हणून रात्री लावून ठेवतो. फाइल खराब झाल्यावर त्या बनवून काही उपयोग नाही, आणि त्याच एका डिस्कवर ठेवल्या तर डिस्कसोबत त्याही जातात.

सेव्हन-झिपचं सॉलिड अर्काइव्ह, म्हणजे अनेक फाइल्स एकत्र जोडून एकाच ब्लॉकमध्ये दाबणं, लग्नाच्या फोटोंसाठी मी बंद केलं. त्यात एक जागा बिघडली की त्या ब्लॉकमधले पुढचे फोटोही हातचे जातात, आणि जेपेगची जागा तशीही फारशी वाचत नाही.