केबलवाल्याचं फायबर, सव्वा वर्षानंतर: स्पीडला साडेचार, कागदं सांभाळायला एक

विश्रामबागला राहतो, घरातूनच हळद आणि गुळाच्या व्यापाऱ्यांची जीएसटी रिटर्नं भरायचं काम करतो, त्यामुळे २० तारखेला नेट गेलं की माझं दुकानच बंद. सव्वा वर्षापूर्वी मोबाईलच्या हॉटस्पॉटला कंटाळून आमच्या भागातल्या केबलवाल्याचं फायबर घेतलं. नाव लिहीत नाही, माणसं ओळखीची आहेत, रोज चौकात गाठ पडते.

प्लॅन ५९९ चा, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७०६ रुपये ८२ पैसे, १०० एमबीपीएस. वायरवर ९५ च्या आसपास मिळतं, मागच्या खोलीत वायफायवर ४०. पावसाळ्यात दोनदा तुटलं, एकदा तर रस्ता खणणाऱ्यांनी वायरच उपटली, पण केबलवाल्याचं पोरगं दीड तासात शिडी घेऊन हजर. मोठ्या कंपनीत तक्रार नंबर मिळतो, इथं माणूस येतो. त्यामुळे स्पीड आणि सर्व्हिसला साडेचार, अर्धा वायफायसाठी कापला.

आता खरं लिहायचंय ते वेगळंच. एक दिवस नेट स्लो म्हणून फोन केला तर ते पोरगं सहज म्हणालं, "काका, काल रात्री दीडला तुमच्याकडनं पाच-सहा जीबी ओढलंय, मुलगा जागतोय बघा." मुलाचं जागरण मलाच माहीत नव्हतं आणि ह्याला माहीत! मुलाला बोललो ते बोललो, पण डोक्यात किडा वळवळायला लागला की ह्यांना आणखी काय काय दिसतं.

ऑफिसात जाऊन सरळ विचारलं. मालकानं चहा मागवला आणि सांगितलं, "साहेब, आमच्या हौसेनं ठेवत नाही ओ, लायसनमध्येच हाय." आणि ते खरंच आहे. दूरसंचार विभागानं डिसेंबर २०२१ मध्ये लायसनच्या अटी बदलल्या, आधी एक वर्ष ठेवायची रेकॉर्डं आता किमान दोन वर्षं ठेवावी लागतात, त्यात कॉलचे तपशील आले आणि आयपीचे पण आले, म्हणजे कुठल्या ग्राहकाला कुठल्या वेळी कुठला आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवरचा पत्ता, दिला होता ते.

त्याचं कारण पण मालकानंच समजावलं आणि ते मला पटलं. पब्लिक आयपी कमी आणि गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे अख्खी गल्ली बाहेरून एकाच आयपीवर दिसते. उद्या कुणाला ऑनलाईन गंडा पडला आणि सायबर पोलीस तो आयपी घेऊन आले, तर नेमकी वेळ आणि पोर्ट नंबरची (एकाच आयपीवरची कनेक्शनं वेगळी ओळखायच्या आकड्याची) नोंद नसेल तर ते कुणाच्या दारात उभे राहतील? शेजाऱ्याच्या पोराच्या उद्योगासाठी माझ्या दारात आलेले मला चालणार नाहीत. आणि हिशेबाची वही सांभाळणं मला काही नवीन नाही, जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने वह्या ठेवायला लागतात, मी स्वतः गिऱ्हाइकांच्या मागं लागतो त्यासाठी. तरी सरसकट सगळ्यांचंच ठेवायचं हे जरा खटकतंच. युरोपात २००६ साली असाच नियम आलता, सहा महिने ते दोन वर्षं ठेवायचा, तो तिथल्या कोर्टानं ८ एप्रिल २०१४ ला रद्द केला, आणि त्यात एक कारण हेच की ज्याच्यावर काडीचा संशय नाही त्याचं पण सगळं साठवताय.

बरं, मेलचं काय? तुम्ही जीमेल वापरत असाल तर केबलवाल्याला आतला मजकूर दिसत नाही, तुमच्यापासून गूगलपर्यंत तो कुलपात जातो. त्याला फार तर दिसतं की तुम्ही जीमेल उघडलं, किती वाजता, किती डेटा गेला. गूगलकडं मात्र सगळं असतं. आणि सरकारला मजकूर बघायचा असेल तर आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली साधारणपणे केंद्राच्या नाहीतर राज्याच्या गृह सचिवाचा आदेश लागतो. कागदावर तरी एवढी पायरी आहे.

आमच्याकडं गंमत वेगळी झाली. कनेक्शनबरोबर ह्यांनी कंपनीच्या नावाचा एक फुकट मेलबॉक्स दिलेला, आणि मी शहाणा, धंद्याला बरा दिसतो म्हणून दोन महिने गिऱ्हाइकांच्या नोटिसा त्याच्यावर मागवत होतो. पासवर्ड माझाच मोबाईल नंबर. मला वाटलं मला लक्षात राहावा म्हणून ठेवलाय, ऑफिसात बघतो तर सगळ्यांचाच पासवर्ड ज्याचा त्याचा मोबाईल नंबर! लॉगिनच्या पानावर कुलपाची खूण पण नाही. समोरच्या कॉम्प्युटरवर एक्सेल उघडी, त्यात नाव, पत्ता, आधार नंबर, पासवर्ड, ओळीनं दीडएकशे माणसं, आणि शेजारी रिचार्ज करायला आलेल्या आजी चष्मा लावून बघतायत. म्हणजे तिकडं गृह सचिवाची सही लागते आणि इकडं काउंटरवरचा कुणीपण माझी मेल उघडू शकतो, मी बाहेर चहा पिऊन येईपर्यंत वाचून पण होईल.

मुलगा म्हणाला व्हीपीएन लावा, म्हणजे आपलं नेट कुलपात घालून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवायचं. एक महिना पैसे भरून लावून बघितलं. स्पीड निम्मा, आणि जीएसटी पोर्टल मधेच रुसतं. शिवाय केबलवाल्याला दिसायचं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसणार, घर बदललं फक्त. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेनं, व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड ह्यांनी भारतातले सर्व्हरच काढून नेले. माझ्या कामाला त्याचा उपयोग नाही, बंद केलं.

मेल मात्र हलवली. मजकूर कुलपात ठेवणाऱ्या प्रोटॉन मेलचं फुकट खातं काढलं, ठीक आहे, पण एक लक्षात ठेवा, विषयाची ओळ त्यात पण पूर्ण कुलपात नसते आणि समोरचा जीमेलवर असेल तर त्याच्या बाजूला अख्खी मेल बिनकुलपाची, साधीच पडते. माझी सगळी गिऱ्हाइकं जीमेलवर, त्यामुळे फायदा अर्धाच. विषयात "अमुक ट्रेडर्स, दंडाची नोटीस" असं लिहायचं सोडून दिलंय.

मालकाशी भांडलो नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे एवढं सांगितलं, त्याचा चहाचा कप हवेतच थांबला. "आपला सगळा धंदा विकला तरी तेवढं येत नाही ओ," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मेलबॉक्सचे पासवर्ड बदलायचा मेसेज सगळ्यांना आला, म्हणून शून्याऐवजी एक दिला. स्क्रीन अजून गिऱ्हाइकांकडं तोंड करूनच आहे.

नवीन कनेक्शन घेणार असाल तर आधारची पूर्ण झेरॉक्स देऊ नका, शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतंय का विचारा, पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि फुकट मेलबॉक्सला हात लावू नका. माझं आधार त्यांच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सव्वा वर्ष पडून होतं. काढ म्हटलं तर पोरगं बिचारं फोन घेऊन माझ्यासमोर बसलं, आणि एवढ्या जुन्या फोटोला सगळ्यांकडून डिलीटचा पर्यायच येईना. "काका, माझ्याकडनं गेलं, बाकी अकरा जणांना सांगतो," म्हणाला. आतापर्यंत चौघांनी काढलंय.