गाय भरवायची: साधी कांडी की सेक्स्ड सीमेन?
उदगीरच्या मेव्हण्यांचा प्रश्न: संकरित गाय माजावर आलीय, कोणती कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) भरवू?

साध्या कांडीत कालवड की गोऱ्हा, निम्मं-निम्मं. सेक्स्डमध्ये (शुक्राणू निवडून भरलेल्या कांडीत) साधारण 90 टक्के कालवडी. गुरांच्या एक्स (कालवड देणाऱ्या) शुक्राणूत वायपेक्षा (गोऱ्हा देणाऱ्यापेक्षा) जवळपास 4 टक्के जास्त डीएनए असतो. रंग देऊन, लेझरखालून नेऊन यंत्र ते वेगळे काढतं. यात शुक्राणूंना इजा होते, शिवाय कांडीत ते भरतातही कमी. म्हणून गाभण राहण्याचं प्रमाण साध्यापेक्षा कमी. ‘हमखास कालवड’वाल्या जाहिरातीत हे कुठं सांगतात! दरही चढा.

पहिल्यांदा भरवायची, अंगानं भरलेली, काचेसारखा सोट (माजातला चिकट स्राव) टाकणारी कालवड असेल तर सेक्स्ड घ्या. सारखी उलटणाऱ्या (भरवूनही गाभण न राहणाऱ्या) गाईला साधीच. आणि देवणी किंवा लाल कंधारी जातीचा गोऱ्हा औताला हवा असेल, तर सेक्स्डचं नावच काढू नका.