पाहियास की सिनुलोग? फिलिपिन्सला जायचं तर कोणत्या सणाला

फिलिपिन्सचा सण बघायचा म्हटलं की घोळ बहुधा दोन तारखांपाशी होतो. एक, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सेबू शहरातला सिनुलोग. दुसरा, १५ मे रोजी लुकबान गावातला पाहियास. देव, मिरवणूक आणि डुकराचं मांस दोन्हीकडे आहे. बाकी फारसं साम्य नाही.

सिनुलोग हा सांतो निन्योचा, म्हणजे बाळ येशूचा उत्सव. १५२१ साली दर्यावर्दी मॅगेलनने सेबूच्या राणीला दिलेली मूर्ती आजही तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, आहे. कोळव्याच्या मेनिन जेजूची, म्हणजे बाळ येशूचीच, फामा (जत्रा) पाहिलेल्या गोवेकराला ही भक्ती परकी वाटणार नाही. नाच दोन पावलं पुढे, एक मागे असा; आपल्याकडच्या वारीतली पावली आठवते. रविवारची भव्य परेड मात्र १९८० पासूनची. नाचाचे संघ, बक्षिसं, ढोल, आणि तुम्ही दोरीच्या अलीकडे तासन्‌तास उभे. काही वर्षी सुरक्षेसाठी मोबाइलचं नेटवर्कही बंद ठेवलं होतं, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे आधीच ठरवा.

गंमत अशी, की सिनुलोगचा गाभा बघायला जानेवारीच लागतो असं नाही. बॅसिलिकाबाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बायका वर्षभर असतात. मेणबत्ती घ्या, नाव आणि मागणं सांगा, त्या तुमच्या वतीने तीच पावलं नाचतात. खाण्याचंही तसंच. पोटात गवती चहा आणि लसूण भरून भाजलेलं सेबूचं लेचोन, म्हणजे अख्खं डुक्कर, नारळाच्या पातीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात म्हणजे पुसो, हे रोजचंच. सुकट-बोंबलावर जीव असेल तर ताबोआनच्या बाजारात सुका दांगित मासा घ्या. वास बॅगेतून घरापर्यंत येईल, तक्रार करू नका.

पाहियासचं तसं नाही. तो एकाच दिवसाचा.

बानाहाव डोंगराच्या पायथ्याचं हे गाव शेतकऱ्यांच्या संताचे, सान इसिद्रोचे, आभार मानायला घरंच्या घरं सजवतं. भाताच्या लोंब्या, भाज्या, गवती टोप्या, आणि सगळ्यांत देखणं किपिंग. तांदळाचं पातळ पीठ झाडाच्या पानावर पसरायचं, वाफवायचं, पान सोलून काढायचं आणि वाळवायचं. वर पानाच्या शिरा जशाच्या तशा उमटतात. आपल्याकडे उन्हाळ्यात फेण्या-पापड्या घालणारी आजी बघेल तर पहिला प्रश्न विचारेल, ‘तळून खातात का?’ खातात. पण आधी लाल, पिवळ्या, हिरव्या रंगात त्यांची झुंबरं होऊन खिडक्यांना लटकतात.

मिरवणुकीचा रस्ता दर वर्षी बदलतो. त्यामुळे ज्या गल्लीचा नंबर येतो तिथली माणसं कित्येक वर्षांची हौस एका दिवसात फेडतात. इथे दोरी नाही. लोकांच्या दारात उभं राहून बघायचं. भूक लागली की केळीच्या पानावरचं पान्सित हाबहाब: शेवया, वर व्हिनेगर, काटा-चमचा नाही आणि हातही नाही, पान तोंडाशी नेऊन थेट. सोबत लसणाचा घमघमाट असलेलं लोंगानिसा, म्हणजे डुकराचं सॉसेज. गोव्याच्या चोरीसाची ही आंबट-लसणी बहीण म्हणा.

शाकाहारी माणसाला दोन्हीकडे जपावं लागेल, कारण भाजीतही माशाचं पाणी असू शकतं. पानात बांधलेला चिकट भात म्हणजे सुमान आणि आंबे यांवर दिवस निघतो. फळंच महत्त्वाची असतील तर हे दोन्ही सोडा आणि ऑगस्टमध्ये दावाव शहरातल्या कादायावान सणाला जा. पोमेलो, मँगोस्टीन, आणि वासाची तयारी असेल तर ड्युरियन.

सोयीच्या बाबतीत सेबू सरळ पुढे आहे: आंतरराष्ट्रीय विमानतळ, भरपूर हॉटेलं. लुकबान मनिलापासून तीन-चार तासांवर, आणि सणाला गावात खोली मिळणं अवघड; जवळच्या लुसेना किंवा तायाबासला राहावं लागतं. वर मेचा उकाडा, मधूनच सर. तरी मी १५ मेच निवडेन. मुलांना सुट्टी असते हे आहेच, शिवाय सेबूला पुढच्या कुठल्याही महिन्यात जाता येतं.

जाणार असाल तर १४ तारखेलाच पोहोचा आणि सकाळी उजाडताच गल्लीत शिरा. दहानंतर घरांपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात.