ऊस की डाळिंब?

उजनीचा कालवा ज्याच्या शिवारातून जातो, त्याला ऊस सोपा. एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचा आधार, कारखानाही जवळ. पण पीक बारा ते अठरा महिने रानात आणि तहान वर्षभराची.

डाळिंबाचं गणित वेगळं. बहार धरायचा, म्हणजे ठरावीक हंगामात झाडाला एकदम फुलं आणायची, तर आधी पाणी तोडून बागेला ताण द्यायचा. पानगळ झाली की छाटणी, खत, मग ठिबकनं पाणी. टंचाई इथे पद्धतीचाच भाग! सांगोल्याची माळरानं याच पिकानं हिरवी केली. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही आहे. तेल्या या रोगाची भीती मात्र खरी, चांगली बाग हातची जाते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. लागवडीआधी तिथे जाऊन तेल्याबद्दल विचारा.

विहिरीवरच भिस्त असेल, तर मी डाळिंबच लावायला सांगेन, आधी शेततळं खोदून.