मॅराटोना डल्स डोलोमाइट्स : घाटवेड्या सायकलस्वारांसाठी एक परीक्षण

इटलीच्या ईशान्य भागात, डोलोमाइट पर्वतरांगेत दर वर्षी जुलैच्या पहिल्या रविवारच्या सुमारास होणारी मॅराटोना डल्स डोलोमाइट्स ही हौशी सायकलस्वारांची स्पर्धा घाटरस्त्यांची ओढ असलेल्या प्रत्येकाने, खर्च झेपत असेल तर, एकदा तरी करावी असे माझे ठाम मत आहे. मात्र तिच्यातला सर्वांत लांबचा मार्ग पहिल्याच खेपेला निवडू नये, हेही मी तितक्याच ठामपणे सांगेन. ही दोन विधाने परस्परविरोधी का नाहीत, ते पुढे ओघाने येईलच.

१९८७ साली १६६ सायकलस्वारांनी सुरू झालेल्या या स्पर्धेत आज हजारो लोक उतरतात आणि त्याच्या कितीतरी पट लोक प्रवेशासाठी अर्ज करतात, त्यामुळे बऱ्याच जागा सोडतीने दिल्या जातात. मार्ग तीन आहेत. सेला पर्वतसमूहाला वळसा घालणारा सर्वांत छोटा मार्ग ५५ किलोमीटरचा असून त्यात एकूण चढण १,७८० मीटर आहे. मधला १०६ किलोमीटर आणि ३,१३० मीटर चढणीचा. आणि पूर्ण मार्ग १३८ किलोमीटर व ४,२३० मीटर चढणीचा. तिन्ही मार्ग ला व्हिला गावातून एकत्र निघतात, कोरव्हारा गावात संपतात आणि वाटेत ठरावीक फाट्यांवर वेगळे होतात, त्यामुळे आपली ताकद किती उरली आहे हे पाहून रस्त्यातच निर्णय घेता येतो. ही सोय कागदावर किरकोळ वाटते, पण पाय जड झाल्यावर तिचे मोल कळते.

या स्पर्धेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्या दिवशी हे सगळे घाट मोटारींसाठी बंद असतात. सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्या माणसाला याचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पसरणी घाट चढताना किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे येताना आपले अर्धे लक्ष पाठीमागून येणाऱ्या एसटीच्या आणि ट्रकच्या आवाजाकडे असते. वळणावर बाहेरच्या बाजूने जायचे की आतल्या, हे चढाच्या तीव्रतेवर न ठरता समोरून कोण येते आहे यावर ठरते. येथे ते अवधान गळून पडते. वळणाच्या आतल्या बाजूला जिथे चढ एकदम उभा होतो, ती सोडून बाहेरच्या सौम्य कडेने जाता येते, एका लयीत श्वास घेता येतो, आणि चढ म्हणजे नेमके काय असते ते पहिल्यांदाच निर्विघ्नपणे अनुभवाला येते. हजारो साखळ्यांची सळसळ, धापा, आणि अधूनमधून चित्रीकरणासाठी डोक्यावरून जाणारे हेलिकॉप्टर, एवढेच काय ते आवाज.

मार्गाची आखणीही विचारपूर्वक केलेली आहे. पहिला चढ काम्पोलोंगोचा, ५.८ किलोमीटर आणि सरासरी ६.१ टक्के, म्हणजे दर शंभर मीटरला ६.१ मीटर उंची. सगळा जमाव अजून एकत्र असल्याने येथे गर्दी होते आणि आपल्या लयीत चढणे अवघड जाते, परंतु तो लांब नसल्याने मागच्या गटातून निघालेल्यांचेही फारसे बिघडत नाही. उतरून अराब्बा गावात पोहोचले की पोर्दोई सुरू होतो, आणि माझ्या मते सगळ्या मार्गातला सर्वांत सुंदर चढ हाच आहे. ९.२ किलोमीटर, सरासरी ६.९ टक्के, माथा २,२३९ मीटरवर. या बाजूला ३३ हेअरपिन वळणे असून प्रत्येक वळणावर त्याच्या क्रमांकाची पाटी आहे. वर झाडी विरळ होत जाते आणि रस्ता उघड्या कुरणांतून घड्यांवर घड्या घालत जातो. एखाद्या वळणावर थांबून खाली पाहिले, तर एकाखाली एक अशा पाच-सहा पट्ट्यांवरून रंगीबेरंगी जर्सी घातलेले लोक एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे सरकताना दिसतात, आणि त्यांच्यामागे फिकट करड्या डोलोमाइट खडकाच्या भिंती उभ्या असतात. इटलीच्या जिरो या सायकल शर्यतीत हा घाट प्रथम १९४० साली आला. ती शर्यत जिंकणाऱ्या फाउस्तो कोप्पी यांचे स्मारक माथ्यावर आहे. मुंबई-पुणे शर्यतीतल्या ‘घाटाचा राजा’ या किताबाबद्दल ज्यांना आस्था आहे, त्यांनी तेथे दोन मिनिटे थांबावे.

सेला (५.५ किलोमीटर, ७.९ टक्के) छोटा पण तिखट आहे. त्याच्या माथ्यावर सासोलुंगोचे सुळके इतके जवळ येतात की नजर रस्त्यावर ठेवणे कठीण होते. गार्देना (५.८ किलोमीटर, ४.३ टक्के) त्या मानाने निवांत आहे. तो उतरून कोरव्हारात आले की छोटा मार्ग संपतो. बाकीच्यांना काम्पोलोंगो पुन्हा चढावा लागतो.

उतारांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडच्या तयारीत नेमकी हीच बाजू कच्ची राहते. दोन हजार मीटरच्या वर जुलैतही सकाळची हवा बोचरी असते. घामाने भिजलेल्या अंगाने दहा किलोमीटर उतरताना बोटे बधिर होतात आणि ब्रेकवरचा ताबा सुटू लागतो. त्यामुळे खिशात मावणारे वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे सोबत असलेच पाहिजेत, हवामानाचा अंदाज काहीही सांगत असो. रस्त्याचा पृष्ठभाग चांगला असल्याने वेग चटकन वाढतो. वळणाआधी सरळ रेषेतच ब्रेक लावून वळणात ते सोडण्याची सवय नसेल, तर ती आधी घरी लावून घ्यावी. मागचे लोक शेजारून फार वेगाने जातात, तेव्हा आपली रेषा अचानक बदलणे हा येथला सर्वांत धोकादायक दोष ठरतो.

आता गियाऊविषयी. पूर्ण मार्गावर पाच घाट आणि अर्ध्याहून अधिक अंतर संपल्यानंतर हा चढ येतो. लांबी ९.९ किलोमीटर, सरासरी ९.३ टक्के, माथा २,२३६ मीटर आणि वळणे २९. या आकड्यांतली मेख सरासरीत आहे. आपल्या सिंहगडाच्या रस्त्यावर काही टप्पे दोन आकडी चढाचे आहेत, पण मध्ये मध्ये पाय सैल करायला जागा मिळते; गियाऊ ती जवळपास देतच नाही. साधारण ७५ किलो वजनाच्या माणसाला येथे ताशी ९ किलोमीटर वेग राखण्यासाठी सुमारे २०० वॅट शक्ती सतत लावावी लागते आणि त्या वेगाने माथा गाठायला एक तास सहा मिनिटे लागतात. पायथा १,३०० मीटरच्या आसपास असल्याने तेथे पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असते, म्हणजे सकाळच्या थंडीनंतर दुपारचा उकाडाही याच दिवसात सोसावा लागतो. शेवटच्या टप्प्यात झाडी संपते, कुरणे सुरू होतात, रा गुसेलाचा सुळका समोर दिसू लागतो, आणि तो दिसू लागल्यावरही बराच वेळ जवळ येत नाही. पायात गोळे येऊन कडेला बसलेली माणसे येथेच सर्वांत जास्त दिसतात.

त्यानंतरचे फाल्झारेगो आणि व्हालपारोला हे घाट चढाच्या दृष्टीने सुसह्य आहेत. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यातली आघाडी याच डोंगरांतून जात होती आणि व्हालपारोलाजवळ रस्त्याच्या कडेलाच ऑस्ट्रियन किल्ला उभा आहे. शेवटी ला व्हिलामध्ये १९ टक्क्यांपर्यंत जाणारा म्युर दल जिआत नावाचा एक आखूड चढ ठेवलेला आहे. तो प्रेक्षकांसाठी ठेवला असावा असे मला वाटते, कारण सायकलस्वारांना तोवर आणखी काही सिद्ध करायचे उरलेले नसते.

वाटेतल्या खाण्यापिण्याच्या ठिकाणी केळी, केक, पाव, चीज असे पदार्थ मिळतात. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, परंतु दिवसभर गोड खाऊन जिभेला वीट येतो. शेंगदाण्याची चिक्की आणि खारे शेंगदाणे घरून न्यावेत. ते वजनाला हलके असतात आणि थंडीतही चावता येतात. पाण्याची चिंता नाही.

अडचणी सुरू होतात त्या स्पर्धेच्या आधीच. सोडतीसाठीची नोंदणी आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत होते. नाव आले तरच पुढचे सगळे, त्यामुळे विमानाची तिकिटे आधी काढू नयेत. स्पर्धात्मक सायकलिंगसाठी इटलीत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, ते विहित नमुन्यात डॉक्टरांकडून भरून घ्यावे लागते आणि शेंगेन व्हिसासाठी उन्हाळ्याच्या गर्दीपूर्वी वेळ घ्यावी लागते. त्या आठवड्यात आल्ता बादिया खोऱ्यातील हॉटेलांचे दर चढे असतात आणि जागाही लवकर संपतात. इन्सब्रुक, व्हेनिस किंवा व्हेरोना येथे उतरून रेल्वेने ब्रुनिको आणि तेथून बसने खोऱ्यात जाता येते. सायकल भारतातून नेण्याऐवजी तेथे भाड्याने घेणे सोयीचे पडते, फक्त पेडल आणि बूट स्वतःचे न्यावेत. सायकल घेताना गिअर नीट पाहावेत. पुढे ३४ दातांचे आणि मागे २८ दातांचे चाक असेल, तर ताशी ९ किलोमीटर वेगाला पेडलचे मिनिटाला जेमतेम साठ फेरे पडतात आणि गुडघ्यांवर ताण येतो. मागे ३४ दातांचे असेल, तर तेच फेरे सत्तरच्या वर जातात. हा फरक एका चढात जाणवत नाही, पाचव्या-सहाव्या चढाला जाणवतो.

तयारीसाठी पुण्याच्या माणसाला सिंहगडासारखी दुसरी जागा नाही. एका सकाळी गडाच्या रस्त्यावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाहून अधिक फेऱ्या करण्याची सवय महिनोन्‌महिने ठेवली, तर पोर्दोई आणि सेला यांचे दडपण राहत नाही. त्याच्या जोडीला वाई, पसरणी, महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर आणि परत असा एखादा लांब दिवस घ्यावा, कारण पोलादपूरपासून महाबळेश्वरपर्यंतचा चढ एकूण उंचीच्या हिशोबाने गियाऊपेक्षाही मोठा आहे. सौम्य आहे, इतकाच फरक. २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर) साडेतेरा तासांत पूर्ण करणाऱ्यांनी केवळ अंतराच्या बळावर येथे येऊ नये. अंतराची भीती येथे नाहीच, एका तासाहून अधिक काळ न थांबता चढत राहण्याची आहे. समुद्रसपाटीजवळ राहणाऱ्यांना २,२०० मीटरवरची विरळ हवाही थोडी जाणवते, म्हणून स्पर्धेच्या चार-पाच दिवस आधी खोऱ्यात पोहोचणे बरे.

पहिल्या खेपेला मी १०६ किलोमीटरचा मार्गच सुचवेन. त्यात पोर्दोई आहे, सेला आहे, फाल्झारेगो आणि व्हालपारोला आहेत, आणि शेवटपर्यंत मान वर करून आजूबाजूला पाहण्याइतकी ताकद शिल्लक राहते. डोलोमाइट पर्वतांचे अनेक भाग २००९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि असा प्रदेश खाली मान घालून पार करणे मला तरी पटत नाही. गियाऊ चुकला म्हणून हळहळण्याचे कारण नाही. खोऱ्यात आणखी दोन दिवस राहिलात, तर एखाद्या कामाच्या दिवशी भल्या पहाटे, मोटारी आणि मोटारसायकली यायच्या आत, सेल्व्हा दी कादोरेच्या बाजूने तो एकटाच, ताज्या पायांनी चढता येतो. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र तिकडे फिरकू नये.