जांभळे दगड, तयार पाणी आणि माझे 1,14,700 रुपये

आकडा आधीच सांगून टाकते. 1,14,700 रुपये. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा, समुद्री मासे आणि प्रवाळांच्या टाकीसाठी. आज त्या टाकीत एकही जीव नाही, आणि ज्याने ती लावून दिली त्या माणसाचा फोन लागत नाही. ‘हौसेला मोल नसतं’ हा टोमणा माझ्या दिराने मारून झालाय, तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नका.

मी नवखी नाही. गोड्या पाण्यातल्या टाक्या मी कॉलेजपासून लावतेय. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट कसं होतं, त्याला चार ते सहा आठवडे का लागतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण नाशिकमध्ये समुद्री टाकीचा सगळा माल एका ठिकाणी देणारं दुकान मला मिळालं नाही, म्हणून मुंबईहून घरी येऊन सेटअप करून देणारा माणूस शोधला. ‘आधी जाऊन बघायचं ना!’ म्हणणाऱ्यांसाठी: गेले होते. दुकान बघितलं, चालू टाक्या बघितल्या, फुललेली प्रवाळं बघितली. दुकान खरंच होतं, फक्त त्याचं नव्हतं. तिथे तो कमिशनवर गिऱ्हाइकं आणायचा, हे नंतर कळलं. खरा मालक आता म्हणतो, ‘मी ओळखत नाही.’

हिशेब असा. टाकी, कॅबिनेट आणि संप (खालची फिल्टरची टाकी) 21,000. एलईडी 14,500. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) 9,000. रिटर्न पंप आणि वेव्हमेकर 7,500. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) 20 किलो, 650 रुपये किलोने, म्हणजे 13,000. मिठाची बादली 5,200. ‘तयार पाणी’ 120 लिटर, 25 रुपये लिटरने, 3,000. मजुरी 4,000. हे झाले 77,200. त्यातले 50,000 आगाऊ. जिवंत माल वेगळा: क्लाउन माशांची जोडी 3,800, दोन क्लीनर कोळंब्या 2,400, ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) 4,500, मँडरिन मासा 2,600, झोअँथस आणि मशरूम प्रवाळं 6,200. एकूण 19,500. उरलेले 18,000 कुठे गेले ते पुढे सांगते, त्याचा राग वेगळाच आहे.

पैसे यूपीआयने दिले. स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, त्याचंही नव्हतं. ‘भावाचं खातं आहे मॅडम, जीएसटीचा लोचा नको.’ नाव दुसरं दिसलं की तिथेच थांबा. मी थांबले नाही, कारण माझा दूधवालासुद्धा बायकोच्या खात्यात पैसे घेतो.

आता तो क्षण. रात्री दोन वाजता जाग आली की मला अजूनही तोच दिसतो.

तो आणि त्याचा पोऱ्या दगड रचत होते. दगड सुरेख जांभळे, गुलाबी. एक दगड जमिनीवर ठेवला, पाणी सांडलं. मी ओल्या फडक्याने फरशी पुसली आणि फडकं जांभळं झालं. मी ते त्याला दाखवलं, अगदी हातात धरून. तो म्हणाला, ‘कोरलाइन शेवाळ आहे मॅडम. फ्रेश माल आहे, म्हणून सुटतंय. चांगली खूण आहे.’

कोरलाइन शेवाळ म्हणजे चुन्याचा थर. तो दगडावर इतका घट्ट बसतो की टाकीच्या काचेवरून काढायचा तर ब्लेडने खरवडावा लागतो. तो फडक्याला लागत नाही. शक्यच नाही. मी हे वाचलेलं होतं! आणि तरी मी ते फडकं पिळलं, वाळत घातलं आणि त्याला चहा विचारला. कारण त्याच्या आवाजात जराही चाचरणं नव्हतं, आणि माणूस घरात येऊन घाम गाळत असला की त्याला ‘तू खोटं बोलतोयस’ म्हणायला जीभ रेटत नाही. हे लोक नेमकं त्यावरच जगतात.

नंतर नखाने खरवडल्यावर आतून निघालं राखाडी सिमेंट. सिमेंटचे कृत्रिम दगड वाईट नसतात. पण ते आधी कित्येक आठवडे पाण्यात मुरवावे लागतात. कच्चं सिमेंट पाण्याचा पीएच चढवत राहतं. माझ्या टाकीत तो 9 च्या वर गेला होता, रीफला, म्हणजे प्रवाळांच्या टाकीला, 8.1 ते 8.4 हवा. आणि पीएच जितका चढा, तितका अमोनिया जास्त विषारी. खऱ्या, मुरलेल्या लाइव्ह रॉकमध्ये जिवाणू असतात, त्याने सायकल, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होण्याचा क्रम, लवकर बसते. ‘रॉक लाइव्ह आहे, पाणी तयार आहे, मासे आजच सोडू’ हे त्याचं म्हणणं म्हणूनच मला पटलं. तर्क बरोबर होता, दगड खोटे होते. खिशातून एक टेस्ट स्ट्रिप काढून त्याने ‘अमोनिया झिरो’ दाखवलाही. माझी टेस्ट किट कुरिअरने ‘उद्या’ येणार होती, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटरसुद्धा ‘उद्या’. मोजायची साधनं आधी स्वतः विकत घ्या. विकणाऱ्याच्या पट्टीने मोजू नका.

कोळंब्या सकाळपर्यंत मेल्या. दोन्ही. ‘प्रवासाचा ताण,’ तो म्हणाला. किट आल्यावर मी स्वतः तपासलं तेव्हा अमोनिया 2 पीपीएम, पाण्याची घनता 1.018 आणि पाण्यात तांबं. रीफला घनता 1.025 च्या आसपास लागते. नुसते मासे विकणारे बरेच दुकानदार पाणी मुद्दाम कमी खारट ठेवतात आणि त्यात तांब्याचं औषध टाकतात, कारण त्याने माशांवरचे परजीवी आटोक्यात राहतात. माशांना ते चालतं. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना ते विष आहे. म्हणजे कुठल्यातरी माशांच्या टाकीचं काढलेलं, फेकायचं पाणी मी 25 रुपये लिटरने घेतलं. आणि तांबं दगडात, वाळूत शोषलं जातं, त्यामुळे ते सगळं आता रीफसाठी बाद. तयार पाणी कुणाकडूनच घेऊ नका. आरओचं पाणी, टीडीएस मीटर आणि सीलबंद मीठ, घरी कालवा.

ॲनिमोन पिवळाधमक होता, लिंबासारखा. तोही रंगवलेला. ज्या ॲनिमोनच्या अंगातलं शेवाळ निघून गेलेलं असतं तो पांढरा पडतो, उपाशी असतो, आणि असे मरायला टेकलेले ॲनिमोन रंगात बुडवून विकतात. हा प्रकार जगभर चालतो. माझा फटफटीत पांढरा पडला, मेला आणि जाताना पाणी नासवून गेला. त्यातच क्लाउनची जोडी गेली. मँडरिन तर अशा टाकीत द्यायलाच नको होता. तो बहुतेक फक्त जिवंत सूक्ष्म कोपेपॉड खातो आणि ते जुन्या, मोठ्या टाकीतच पुरेसे असतात. नव्या दोन फुटी टाकीसाठी कुणी मँडरिन सुचवला तर त्याच्याकडून बुरशीचं औषधसुद्धा घेऊ नका.

आता ते 18,000. मी भडकून फोन केला तर पठ्ठ्या उलट माझ्यापेक्षा जास्त हळहळला. ‘लॉटच खराब निघाला मॅडम, माझेही चाळीस हजार गेले. सगळं बदलून देतो. फक्त नवीन लॉट बुक करायला 18,000 टाका, माल आला की ॲडजस्ट.’ मी टाकले. हसा. पण 96,700 घालवलेल्या माणसाला ते वाचवायची शेवटची वाट 18,000 ची दिसत असेल तर तो काय करेल, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. माल आला नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ‘गिफ्ट’. प्रवाळांसोबत त्याने एक हॅमर कोरल फुकट दिला होता. मी मागितला नव्हता. मी फक्त मऊ प्रवाळं मागितली होती, ती सुद्धा विचार करून. हॅमर हा कठीण सांगाड्याचा. रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, वाघाच्या शेजारी. शिक्षा किमान 3 वर्षं, कमाल 7. मी म्हटलंसुद्धा, ‘हा चालतो का?’ तो म्हणाला, ‘इम्पोर्टेड आहे, पेपर आहेत,’ आणि लगेच माझा टाकीशेजारी उभी राहून हसतानाचा फोटो काढला. ‘हॅपी कस्टमर’ म्हणून.

पैसे परत मागितले तेव्हा मेसेज आला: ‘तक्रार करायच्या आधी टाकीत काय ठेवलंय बघा. शेड्यूल वन आहे. फोटो आहे माझ्याकडे.’

म्हणजे ते गिफ्ट नव्हतंच, माझ्या तोंडाला लावलेलं कुलूप होतं. किती जणांच्या घरी असा एकेक फुकटचा तुकडा पडलाय, म्हणून ते गप्प आहेत, कोण जाणे. मेसेज त्याने थोड्या वेळात सगळ्यांसाठी डिलीट केला. मी स्क्रीनशॉट काढला होता, ‘गिफ्ट आहे मॅडम’ या आधीच्या मेसेजचाही. सगळं बिनसायच्या आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवत चला.

वकिलांनी सांगितलं, घाबरू नका, स्वतःहून लेखी कळवा. तर ऐका आपल्या यंत्रणेची कहाणी. पोलीस चौकीत पहिला प्रश्न: ‘मासे मेले म्हणून एफआयआर?’ आणि मग शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं, ‘अहो, यांचे लाखाचे मासे मेलेत!’ हशा. मग म्हणे, ही दिवाणी बाब. मग म्हणे, दुकान मुंबईत, तर मुंबईला जा. मी झिरो एफआयआरचं (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या गुन्ह्याचं) नाव काढलं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम 173 सांगितलं, भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं 318 सांगितलं. साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही वकील आहात का?’ नाही. पण मला माझे पैसे मोजता येतात. अर्ज ठेवून घेतला. पोचशिक्का द्यायला टाळाटाळ. मी खुर्चीवरून उठलेच नाही तेव्हा दिला. मुंबईत फोन केला तर ते म्हणतात, पैसे नाशिकहून गेले, गुन्हा नाशिकचा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केलेल्या तक्रारीला क्रमांक मिळाला. ‘लगेच कळवलं असतं तर रक्कम गोठवता आली असती.’ लगेच म्हणजे कधी? मासे जिवंत असताना? बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. वनखात्यात गेले तर तिथल्या माणसाने सिमेंटच्या दगडांचे फोटो न्याहाळून विचारलं, ‘मग यात वन्यजीव कुठाय?’ समुद्राचं असेल तर मत्स्यव्यवसाय खातं, असा सल्ला. मत्स्यव्यवसायवाले म्हणाले, अनुसूची 1 म्हणजे वनखातं, आणि त्यांचं बरोबरच होतं. परत वनखातं. मेलेल्या हॅमरचा सांगाडा डब्यात घालून टेबलावर ठेवला. सांगाडाही घरात ठेवता येत नाही, म्हणून तो घ्या आणि पंचनामा करा, अशी मीच विनवणी करत होते. आणि कायदा राखणाऱ्यांना तो डबा हातात घेण्याची भीती. शेवटी पत्रासकट घेतला. पंचनामा अजून नाही.

ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची. हे लोक सांगत नाहीत, म्हणून सांगते. अडचण बिलाची. त्याने दिलेल्या कच्च्या पावतीवर लिहिलंय ‘शोभेचे दगड व इतर’. पावतीवर प्रत्येक जिवाचं नाव आणि ‘लाइव्ह रॉक’ हे शब्द लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर टाकी रिकामी राहिलेली बरी. नोटीस परत आली, पत्त्यावर असा कुणी राहत नाही. खातेदाराचा पत्ता बँक पोलिसांना देईल, पोलिसांना तो मागायला गुन्हा दाखल हवा, आणि गुन्हा दाखल करायला त्यांना आरोपीचा पत्ता हवा.

हेच पॅकेज कुणी घेतलं असेल, फुकटच्या तुकड्यासकट, तर गप्प बसू नका. वकिलाला विचारून तुकड्याचं वनखात्याला लेखी कळवा आणि आपापल्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन शिक्का घ्या. एका खात्याविरुद्ध चार अर्ज झाले की ‘दिवाणी बाब’ म्हणणं अवघड जातं. गेल्या आठवड्यात मैत्रिणीने तिच्या फोनवरून एका नव्या जाहिरातीला भाव विचारला. नाव नवं, नंबर नवा, दोन फुटी टाकी ‘सगळ्यासकट’ 49,999. आगाऊ रकमेसाठी आलेला क्यूआर कोड स्कॅन केला, तर खातेदार तोच, ‘भाऊ’. हे पोलिसांना कळवलंय. ते म्हणाले, आधीच्या अर्जाला जोडून ठेवतो.