छायालेखक जेम्स वाँग हाऊ : प्रात्यक्षिकासह व्याख्यान, दांडिया बाजार, बडोदे

दांडिया बाजारातील एका लहान सभागृहात झालेला हा कार्यक्रम मूकपटांच्या काळात हॉलिवूडमध्ये घडलेल्या जेम्स वाँग हाऊ या छायालेखकाच्या कारकिर्दीवर आहे. तिकीट रास्त आहे आणि केवळ प्रात्यक्षिकासाठीही ते काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८९९ साली चीनमध्ये जन्मलेले आणि बालपणीच अमेरिकेत आलेले हाऊ १९१७ च्या सुमारास लास्की स्टुडिओत कॅमेऱ्यांच्या खोलीत झाडलोट करणारे मदतनीस म्हणून लागले. मेरी माइल्स मिंटर या अभिनेत्रीची छायाचित्रे त्यांनी काढली, तेव्हा तिचे फिकट निळे डोळे गडद उमटले आणि तिने त्यांनाच छायालेखक म्हणून मागून घेतले. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपत नसे आणि निळा मात्र जवळजवळ पांढरा दाखवी. त्यामुळे अशा डोळ्यांची अभिनेत्री पडद्यावर निस्तेज दिसे. हाऊ यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे भिंगासाठी भोक ठेवलेले काळे मखमली कापड, ज्याचे प्रतिबिंब डोळ्यांत पडून बुबुळे गडद होत.

व्याख्यात्यांनी हे करून दाखवले, आणि तेही किती नेटकेपणाने! कॅमेऱ्यावर निळा फिल्टर चढवून त्यांनी श्रोत्यांतील घाऱ्या डोळ्यांच्या एका बाईंना दिव्यासमोर बसवले. पडद्यावर त्यांचे लाल कुंकू काळेभोर झाले, साडीचा निळा पदर पांढरा पडला आणि बुबुळे जवळजवळ नाहीशी झाली; मग मखमल समोर धरताच तेच डोळे ठसठशीत दिसू लागले. पुस्तकात वाचून हे इतके कळले नसते.

उत्तरार्ध मात्र घाईचा आहे. १९३१ च्या ‘ट्रान्सअटलांटिक’ या चित्रपटातील जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट दिसणारी दृश्ये दाखवली, ‘द रोझ टॅटू’ आणि ‘हड’ यांच्यासाठी मिळालेल्या दोन ऑस्करांचा उल्लेख झाला. पण ज्या वंशभेदी कायद्यांमुळे हाऊ यांना १९४३ पर्यंत नागरिकत्वाचा मार्ग बंद होता, आणि लेखिका सनोरा बाब यांच्याशी पॅरिसमध्ये झालेला त्यांचा विवाह कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षे मानला गेला नाही, त्यांवर जेमतेम दोन वाक्ये आली. हा त्या कारकिर्दीचाच भाग आहे, त्याला वेळ द्यायला हवा होता. मूकपटांतील तुकडेही ठरलेल्या गतीपेक्षा वेगाने चालवले, त्यामुळे माणसे धावतपळत असल्यासारखी दिसतात आणि हाऊ यांच्या प्रकाशयोजनेकडे लक्ष राहत नाही.

शिवाय बडोद्यात हा विषय मांडताना इथल्याच कलाभवन या संस्थेत शिकलेल्या दादासाहेब फाळके यांचे नावही निघू नये, याचे मला वाईट वाटले. १९१३ मध्ये त्यांचा चित्रपट पडद्यावर आला, तेव्हा फिल्मच्या याच अडचणीशी तेही झगडत होते. पुढील खेळात आयोजकांनी एवढी भर घालावी. व्याख्यान मराठीत असले तरी गुजरातीतून विचारलेल्या प्रश्नांना व्याख्याते आपुलकीने उत्तरे देतात. पडदा फार मोठा नसल्याने पुढच्या रांगांतील जागा घ्यावी.